त्वचेचे आरोग्य आणि मनाचे स्वास्थ्य

(शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या तालुकास्तरीय आरोग्य-शिक्षण शिबिरात एका माहिती अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आरोग्याच्या शिबिरात वैद्यकीय अधिकाऱ्यांनी बोलावे, हा शिरस्ता आहे. मी कलाशाखेचा पदवीधर आणि शासनाच्या माहिती खात्यातील एक सेवक. तरीही आजचा विषय मी आपण होऊन मागून घेतला. त्याला एक कारण आहे आणि ते काहीसे संकोचाचे आहे. व्याख्यानाच्या ओघात ते सांगेनच.

आरंभ आपल्या भाषेपासून करू. भय वाटले की आपल्या अंगावर काटा येतो. लाज वाटली की चेहरा लाल होतो, धक्का बसला की तो पांढराफटक पडतो. परीक्षेच्या दालनात शिरताना मुलांचे तळहात घामेजतात. मनात जे घडते ते त्वचेवर उमटते, हे आपल्या पूर्वजांनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून जाणले होते. चरकसंहितेत स्पर्शनेंद्रिय हे इतर सर्व इंद्रियांना व्यापणारे आणि मनाशी नित्य जोडलेले मानले आहे. सुश्रुतसंहितेत त्वचेचे सात थर नावानिशी वर्णिले आहेत.

आधुनिक शास्त्राने या नात्याचा उगम दाखवून दिला आहे. गर्भाच्या वाढीच्या प्रारंभी जे तीन स्तर तयार होतात, त्यांपैकी बाहेरच्या एकाच स्तरापासून पुढे त्वचेचे बाह्यावरण आणि मेंदूसह संपूर्ण मज्जासंस्था घडते. म्हणजे त्वचा आणि मेंदू ही एका अर्थाने सख्खी भावंडे होत. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर असते आणि तिचे वरचे आवरण साधारणतः चार आठवड्यांत नवे होते. २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापूटियन यांना मिळाले, ते उष्णता आणि स्पर्श यांची जाणीव करून देणाऱ्या पेशींतील ग्राहकांच्या शोधाबद्दल.

चिंतेने जखमही रेंगाळते

मन त्वचेवर परिणाम करते, याची मोजदादही झाली आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतील ओहायो येथील संशोधकांनी, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगाची दीर्घकाळ शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया आणि तसा भार नसलेल्या समवयस्क स्त्रिया यांच्या हातावर सारख्याच आकाराची लहानशी जखम करून ती भरून येण्याचा काळ मोजला. शुश्रूषेचा भार वाहणाऱ्या स्त्रियांची जखम भरण्यास सुमारे नऊ दिवस अधिक लागले. पुढे १९९८ मध्ये दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग झाला. सुट्टीच्या दिवसांतील जखमेच्या तुलनेत परीक्षेच्या तोंडावरची जखम भरून यायला सुमारे ४० टक्के अधिक काळ गेला. शिक्षक मंडळींनी हा दुसरा प्रयोग विशेष ध्यानात ठेवावा.

यामागील कारण असे, की सततच्या ताणात शरीरात कॉर्टिसोलसारखी संप्रेरके अधिक स्रवतात, झोप उणावते आणि शरीराची संरक्षक व दुरुस्तीची यंत्रणा मंदावते. इसब आणि सोरायसिस यांसारखे विकार ताणाच्या दिवसांत उचल खातात. खाज सुटते म्हणून माणूस खाजवतो, खाजवल्याने त्वचा सोलवटते आणि सोलवटली की अधिक खाजते. या फेऱ्यात रात्रीची झोप जाते आणि झोप गेली की मन आणखी चिडचिडे होते.

परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रत्येक त्वचाविकाराचे मूळ मनात असते, असा अर्थ कोणी काढू नये. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते आणि नायटा बुरशीमुळे. रुग्णाला 'तुझ्या मनाचे खेळ आहेत' असे म्हणणे म्हणजे त्याच्या दुःखावर अपमानाची भर घालणे होय. मन ताळ्यावर ठेवणे ही औषधाला दिलेली साथ आहे, औषधाची जागा ती घेत नाही.

घरातील जुने शहाणपण

आता नैसर्गिक उपायांकडे वळू. अष्टांगहृदयात दिनचर्येचा भाग म्हणून रोज अभ्यंग करावा, विशेषतः डोके, कान व पाय यांना तेल लावावे, असे सांगितले आहे. आपल्याकडे हे ज्ञान ग्रंथांत अडकून राहिले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई मुलांना तेल-उटणे लावून न्हाऊ घालते, आजी तान्ह्या बाळाला पायांवर घेऊन तेल चोळते. तेलाने कोरड्या त्वचेतील ओलावा टिकतो, हा त्याचा एक लाभ. पण त्या हातांची ऊब हा दुसरा लाभ आहे. सावकाश, मायेने फिरणाऱ्या हाताला प्रतिसाद देणारे वेगळे मज्जातंतू आपल्या केसाळ त्वचेत असतात, हे आता सिद्ध झाले आहे. कुरवाळल्याने मूल शांत का होते, याचे हे शास्त्रीय उत्तर.

निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, तर आपला नेहमीचा साबण क्षारधर्मी. म्हणून कोरड्या त्वचेच्या माणसाने साबणाचा वापर मर्यादित ठेवावा, फार कढत पाण्याने स्नान करू नये आणि अंग थोडे ओलसर असतानाच खोबरेल लावावे. शेतात व उसाच्या फडात राबणाऱ्यांच्या टाचांना भेगा पडतात. त्यांनी रात्री पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून, तेल लावावे. कोकणात कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, म्हणजे भिरंडेल, यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरले जाते. उन्हात काम करताना डोक्यावर पदर, उपरणे वा रुंद काठाची टोपी असावी. या उपायांना खर्च नाममात्र आहे. पुरेशी झोप आणि दिवसातून थोडा निवांतपणा यांना तर तोही नाही.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

मात्र झाडापासून मिळाले म्हणजे ते निरुपद्रवी, ही समजूत खोटी आहे. बिब्बा हे त्याचे घरचेच उदाहरण. पायाच्या भेगांवर वा दुखऱ्या सांध्यावर बिब्बा लावतात आणि तो 'उततो', म्हणजे अंगावर फोड उठून कातडी भाजल्यासारखी होते. लिंबाचा रस चोळून उन्हात गेल्यास काळे डाग पडू शकतात. कपाळावरच्या काही टिकल्यांच्या डिंकातील रसायनामुळे त्या जागी पांढरा डाग उठल्याची उदाहरणे आपल्या देशातील त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवली आहेत.

याच्या उलट टोकाला बाजारातील मलमे आहेत. नायट्यावर दुकानातून परस्पर घेतलेल्या मलमात पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने खाज चार दिवसांत थांबते आणि माणूस निर्धास्त होतो, पण बुरशी आतल्या आत पसरत राहते. तेच मलम गोरे होण्यासाठी चेहऱ्याला लावल्यास त्वचा पातळ होते, लाल पडते आणि पुढे मलम सोडताही येत नाही. म्हणूनच २०१८ मध्ये केंद्र शासनाने त्वचेवर लावण्याची अशी १४ स्टेरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. गोरेपणाच्या काही मलमांत पारा आढळला असून केरळमधील डॉक्टरांनी अशा मलमांचा संबंध मूत्रपिंडाच्या विकाराशी जोडून दाखवला आहे. गोऱ्या रंगाचा हव्यास हाही मनाचाच एक रोग आहे आणि त्याची किंमत शरीर चुकवते.

एक ओळ राहून गेली

आता ते संकोचाचे कारण सांगतो. २०१२ साली मी दुसऱ्या एका जिल्ह्यात कनिष्ठ पदावर होतो. त्वचेच्या घरगुती निगेवर मी एक पत्रक लिहिले. हळद, साय, डाळीचे पीठ, कडुनिंब यांचे गुण मोठ्या हौसेने वर्णिले आणि अखेरीस लिहिले, की या उपायांनी त्वचेवरील डाग हळूहळू नाहीसे होतात. भाषा चांगली साधली म्हणून वरिष्ठांनी पाठ थोपटली. पत्रक शाळाशाळांतून लागले.

पुढच्या वर्षी एका कार्यक्रमात एक वयस्कर गुरुजी भेटले. त्यांच्या पाचवीच्या वर्गातील एका मुलाच्या हातावर फिकट डाग होता. त्याच्या आईने शाळेच्या भिंतीवरचे माझे पत्रक वाचून आठ महिने त्यावर लेप लावला. मुले चिडवतात म्हणून तो पोर भर उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा घालू लागला. एके दिवशी गुरुजींना त्याच्या करंगळीवर भाजल्याचा मोठा फोड दिसला. विचारले तर मुलाला तो कधी झाला हेच ठाऊक नव्हते. गुरुजींनी त्याला त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. तो डाग कुष्ठरोगाचा होता. औषधाने रोग बरा झाला, पण तोवर वाकलेली करंगळी वाकडीच राहिली.

गुरुजींनी मला दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, "साहेब, पत्रक चांगले होते. त्यात एक ओळ मात्र हवी होती."

ती ओळ मी आज आपल्यापुढे वाचतो: डाग फिकट वा लालसर असेल आणि त्या जागी स्पर्श, उष्णता वा वेदना कळत नसेल, तर कोणताही लेप न लावता लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

स्पर्शाचे औषध

कुष्ठरोगाचे जंतू १८७३ मध्ये नॉर्वेच्या हॅन्सन यांनी शोधले. हे जंतू त्वचेबरोबर मज्जातंतूंवर हल्ला करतात, म्हणून जागा बधिर होते. १९८३ पासून देशाच्या कार्यक्रमात बहुविध औषधोपचार आला आणि आज सहा महिने ते एक वर्ष विनामूल्य औषध घेऊन रुग्ण पूर्ण बरा होतो. उपचार सुरू झाले की लवकरच तो इतरांना रोग देत नाही. तरीही देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात. ते उशिरा येतात, यामागे औषधाच्या तुटवड्यापेक्षा लाज अधिक असते.

कोडाची गोष्ट निराळी. कोड हा संसर्ग नव्हे. शरीराचीच संरक्षक यंत्रणा रंगपेशींवर उलटल्याने तो होतो. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. परंतु मागल्या बाकावर बसवलेली मुलगी आणि मोडलेली सोयरीक यांचे दुःख त्या डागापेक्षा खोल जाते आणि त्या दुःखाचा ताण शरीरालाच सोसावा लागतो. मन-शरीराच्या नात्यात समाजही सामील असतो, तो असा.

वर्ध्याजवळील सेवाग्राममध्ये १९३९ च्या सुमारास संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांच्या अंगाला मालीश केले. त्या काळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. जे देता येण्याजोगे होते, ते गांधीजींनी दिले. २०१७ पासून गांधीजींच्या पुण्यतिथीला, ३० जानेवारीस, ग्रामसभांमधून जे कुष्ठरोग जनजागृती अभियान राबवले जाते, त्याचे नाव 'स्पर्श' आहे. याहून अन्वर्थक नाव सापडणे कठीण.

मित्रहो, आपल्याकडून अपेक्षा फार मोठी नाही. शिक्षकांनी वर्गात लांब बाह्यांआड काय दडले आहे, याकडे मायेने पाहावे आणि डाग असलेल्या मुलाला पहिल्या बाकावर बसवावे. पंचायत सदस्यांनी गावात खरजेची साथ आली तर एकट्या मुलाला नव्हे, घरातील सर्वांना एकाच वेळी उपचार मिळतील, हे आशा सेविकेच्या मदतीने पाहावे. आणि आम्ही माहिती खात्यातील मंडळींनी सुंदर वाक्यापूर्वी आवश्यक ओळ लिहावी.

ते पत्रक मी पुन्हा लिहिले. आता ती ओळ सर्वांत वर, ठळक टाइपात आहे. त्याच्या प्रती बाहेरच्या टेबलावर ठेवल्या आहेत. जाताना प्रत्येकाने आपापल्या गावासाठी न्याव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.