पाच आठवड्यांचे काम



आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, पाळी सुटल्यावर. तेव्हा ‘अभ्यासात मुख्य काम कसे धरून ठेवावे’ या विषयावर आम्हांला का बोलावले, हे चालकांनाच ठाऊक. आम्ही आपले कार्ल मार्क्सविषयी बोलतो. त्याच्या मतांचा खल आज करायचा नाही. तो आपला ग्रंथ कसा लिहीत होता, किंबहुना कसा लिहीत नव्हता, एवढेच पाहायचे आहे.

१८५० पासून तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वाचायला जाऊ लागला. १८५१ च्या एप्रिलमध्ये त्याने एंगेल्सला कळवले की, अर्थशास्त्राचे हे काम पाच आठवड्यांत उरकेल. ‘कॅपिटल’चा पहिला खंड निघाला १८६७ च्या सप्टेंबरात! (प्रबंध लिहिणारी काही मंडळी समोर बसली आहेत, त्यांनी हसू नये.) मधली सोळा वर्षे गृहस्थ लोळत पडला होता काय? मुळीच नाही. पोटासाठी न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्राला लेख लिहावे लागत. घरात दारिद्र्य, मुलांचे मृत्यू, स्वतःच्या अंगावर गळवे. त्याबद्दल त्याला बोल लावणारे आम्ही कोण?

पण १८६० सालाबद्दल आम्ही बोल लावतो. फोग्ट नावाच्या जर्मन प्राध्यापकाने मार्क्सवर छापील चिखलफेक केली होती. झाले! ग्रंथ बाजूला राहिला. गावोगावच्या ओळखीच्या लोकांना पत्रे गेली, साक्षीपुरावे जमले, आणि वर्षअखेरीस ‘हेर फोग्ट’, म्हणजे ‘श्रीयुत फोग्ट’, असे जाडजूड पुस्तक बाहेर पडले. फोग्ट फ्रान्सच्या बादशहाचा पैसा खातो, हा त्यातला आरोप. पुढे १८७० मध्ये बादशाही कोसळली, सरकारी कागद प्रसिद्ध झाले, आणि १८५९ साली फोग्टला ४०,००० फ्रँक दिल्याची नोंद त्यांत निघाली. मार्क्सचे म्हणणे खरे होते. तरी ते वर्ष वाया गेले असेच आम्ही म्हणतो. फोग्टचे बिंग कागदांनी फोडलेच असते. ‘कॅपिटल’ दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नव्हते.

१८६४ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनलच्या कामातही त्याच्या रात्री गेल्या. ते मात्र आम्ही वाया गेले म्हणत नाही, आणि हे आम्ही संघटनेची माणसे म्हणून पक्षपाताने बोलत नाही. १८६५ च्या जूनमध्ये तिथल्या कामगार पुढाऱ्यांसमोर मजुरी, किंमत आणि नफा यांचा संबंध त्याला सोपा करून सांगावा लागला. ते काम ग्रंथाच्याच वाटेवरचे होते.

खरा चकवा निराळाच. १८६९ च्या सुमारास, पन्नाशी उलटल्यावर, तो रशियन भाषा शिकू लागला. आम्हांला याचे फार कौतुक वाटे. पुढची हकीगत वाचली तेव्हा ते निम्मे झाले. १८८३ मध्ये तो वारला तेव्हा नुसत्या रशियन आकडेवारीची पुस्तके दोन घनमीटरांहून अधिक भरली. हे रशियन आणि अमेरिकन साहित्य नसते तर दुसरा खंड केव्हाच छापून झाला असता, असे एंगेल्सने एका मित्राला लिहिले. दुसरा खंड १८८५ साली आणि तिसरा १८९४ साली, दोन्ही एंगेल्सने हस्तलिखिते जुळवून काढले. पुढच्याच वर्षी एंगेल्सही गेला.

आमच्या घरी एक ट्रंक आहे. आमच्या भागातल्या जुन्या यंत्रमाग कामगारांकडून पूर्वीची मजुरी, पाळ्या, मालकाकडची उचल यांची माहिती तोंडी ऐकून लिहून घ्यायची, असे आम्ही २०११ साली ठरवले. ट्रंकेत अहवाल भरले, कायद्याची पुस्तके भरली, कात्रणे भरली. एका विरोधी पुढाऱ्याच्या पत्रकाला उत्तर म्हणून दोन पावसाळे खर्चून आम्ही बत्तीस पानांची पुस्तिका छापली. तिच्यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि तिच्या प्रतीही ट्रंकेतच आहेत. कामगारांची यादी अकरा जणांची होती. दोघांचे लिहून झाले. सहा जण वारले.

उरलेल्या तिघांत थोरले आहेत त्यांना बोलताना दम लागतो. उद्या सकाळी आठ वाजता या, असे त्यांनी सांगितले आहे. तेव्हा प्रश्नोत्तरे फार लांबवू नयेत, एवढी अध्यक्षांना विनंती.