पिल्लू घरी येते तेव्हा

कुत्र्याचे पिल्लू निदान 8 आठवडे आईजवळच असावे.
भावंडांशी खेळतानाच ते शिकते,
की जोरात चावले तर खेळ थांबतो.

घरी आले, की शिकवण सुरू.
झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर
पिल्लाला बाहेर न्यावे.
शी-शू बाहेर झाली, की त्याच क्षणी खाऊ द्यावा.
हो, त्याच क्षणी!
घरात परतल्यावर दिलेला खाऊ
त्याला घरात आल्याचे बक्षीस वाटतो.

फरशी ओली केली म्हणून मारणे तर फारच वाईट.
मार खाल्लेले पिल्लू एवढेच शिकते,
की माणसासमोर शू करायची नाही.
मग ते पलंगामागे जाऊन करते.

श्रोतेहो, कुत्रा साधारण 10 ते 15 वर्षे जगतो.
रेबीजची पहिली लस तिसऱ्या महिन्याच्या सुमारास,
आणि पुढचे डोस जन्मभर.
त्याला मोकळे धावूही द्यावे;
महाराष्ट्रातला कारवानी कुत्रा तर धावण्यासाठीच घडलेला.
त्याला दिवसभर साखळीला बांधणे म्हणजे छळच.

म्हातारपणी कुत्र्याची नजर मंदावते, सांधे दुखतात.
घरात पुन्हा शू होऊ लागते.
तेव्हा तो शिकवण विसरला, असे समजू नये.
बहुधा तो आजारी असतो.
त्याला रागावू नये,
पशुवैद्याकडे न्यावे.