लेकरांना साक्षीदार करू नका

(कुटुंबविषयक व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



आपल्या कुटुंबव्यवस्थेविषयी आपण नेहमीच गौरवाने बोलतो. आज मात्र तिच्या एका जखमेविषयी बोलावे, असे मी ठरविले आहे. घटस्फोटाने पती-पत्नीचे नाते संपते. माता-पित्याचे नाते संपत नाही. कायदाही ते संपवीत नाही. तरीही अनेक घरांत ते जाणीवपूर्वक संपविले जाते आणि त्यासाठी शस्त्र म्हणून मुलाचेच मन वापरले जाते. न्यायालयीन परिभाषेत यास ‘पॅरेंटल एलिएनेशन’ म्हणतात. आपल्या घरगुती मराठीत यासाठी फार जुना शब्दप्रयोग आहे : कान भरणे.

हे एका दिवसात घडत नाही. भेटीचा दिवस आला की मुलाला नेमका ताप येतो, क्लास असतो किंवा मामाकडे कार्य निघते. फोन आला की घरात शांतता पसरते. आलेली भेटवस्तू माळ्यावर जाते. कोणी उघड काही बोलत नाही. पण मूल चेहरे वाचते. बाबांचे नाव काढले की आई कष्टी होते, किंवा आईची आठवण सांगितली की आजी उठून जाते, एवढे त्याला पुरेसे असते. ज्याच्या घरी राहावयाचे, जेवावयाचे, निजावयाचे, त्याला दुखवून कसे चालेल? मग एके दिवशी समुपदेशकासमोर ते मूल म्हणते, “मला त्यांना भेटायचे नाही.” कारण विचारावे तर मोठ्यांच्या तोंडची वाक्ये जशीच्या तशी ऐकू येतात. आठ वर्षांचे पोर पोटगीच्या रकमेविषयी बोलू लागले, तर ते त्याचे स्वतःचे बोल नव्हेत, हे समजण्यास मानसशास्त्राची पदवी लागत नाही.

कायद्याची भूमिका स्पष्ट आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा असो की १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, ताब्याचा निर्णय मुलाच्या हिताच्या कसोटीवरच व्हावयाचा आहे. मुले ही आई-वडिलांची मालमत्ता नव्हेत आणि खेळणीही नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच बजावले. २०१५ मध्ये विधी आयोगाने आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. २०१७ मध्ये न्या. सिक्री यांच्या खंडपीठासमोर वडिलांकडे वाढलेल्या एका मुलीचे प्रकरण आले. मुलीचा कल वडिलांकडे होता. असा कल मनावर झालेल्या परिणामातूनही घडू शकतो, हे ध्यानी घेऊन न्यायालयाने ताबा आईकडे देण्याचा निर्णय कायम ठेवला. आई आणि वडील या दोघांचेही प्रेम व सहवास हा मुलाचा मूलभूत मानवी हक्क आहे, असे न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आणि प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तेथे दूरध्वनी वा व्हिडिओद्वारे संपर्काचा हक्कही मान्य केला.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या संकल्पनेला ‘सिंड्रोम’ म्हणजे विकाराचे रूप दिले ते अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी, १९८५ मध्ये. तज्ज्ञांमध्ये तिच्याविषयी आजही एकमत नाही. २०१३ च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत तिला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या सूचीतून हा शब्द वगळला. आक्षेपाचे कारण गंभीर आहे. ज्या मुलाने घरात मारहाण पाहिली, त्याने मारणाऱ्याला नाकारले तर ते कान भरणे नव्हे. तो त्याचा अनुभव आहे. तेथे हाच शब्द अत्याचाऱ्याची ढाल होतो. म्हणूनच २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सावध केले : घाईने शिक्का मारू नका, प्रत्यक्ष कोणते वर्तन घडले, ते तपासा. त्या प्रकरणात मुलांचा ताबा वडिलांकडे राहिला. तेव्हा हा पुरुष विरुद्ध स्त्री असा वाद नाही. दोष कधी इकडे असतो, कधी तिकडे. भरडले जाते ते मूल.

या संदर्भात मला लव-कुशांचे स्मरण होते. पुणे आकाशवाणीवर १९५५ मध्ये सुरू झालेल्या गीतरामायणाचा आरंभच त्यांच्या गायनाने होतो. उत्तरकांडातील सीता परित्यक्ता आहे. तिचे दुःख खोटे नाही आणि रामकथाही ते लपवीत नाही. तरीही वाल्मीकींच्या आश्रमात वाढलेली ही मुले गातात ती पित्याचीच कथा.  द्वेष त्यांना शिकविलेला नाही. अन्याय सोसावा, असा याचा अर्थ मुळीच नाही. न्याय अवश्य मागावा, न्यायालयात मागावा. मात्र मुलाला त्या खटल्यातील साक्षीदार करू नये.

येथे आपली, म्हणजे नातेवाइकांची जबाबदारी येते. कान भरण्याचे काम पुष्कळदा आई-वडील नव्हे, तर आजोळ आणि आजोबांचे घर करीत असते. मावशी, आत्या, काका, मामा यांनी एक पथ्य पाळावे : मुलासमोर त्याच्या आई-वडिलांविषयी अपशब्द नाही. भेटीच्या दिवशी कोणीतरी वडीलधाऱ्याने मुलाला स्वतः नेऊन पोहोचवावे, हसतमुखाने परत आणावे आणि “काय म्हणाले ते?” अशी उलटतपासणी घेऊ नये. न्यायालयांनीही लक्षात घ्यावे की, मोठ्यांची तारीख सहा महिन्यांनी पुढे गेली, तर मुलाच्या बालपणातील सहा महिने कायमचे जातात. भेट सुरुवातीलाच ठरली पाहिजे. दुरावा दगडासारखा घट्ट झाल्यावर हुकूमनामा उपयोगी पडत नाही.

मूल आज जे ऐकते, ते विसरत नाही. मोठेपणी ते स्वतः विचार करू लागते, जुनी पत्रे शोधते, दुसऱ्या घराचे दार ठोठावते. त्या वेळी ते दार उघडावयास कोणी उरलेले असेलच असे नाही. मग ते ज्याने कान भरले त्याच्याकडे वळते आणि एकच प्रश्न विचारते : “मला का सांगितले नाही?” त्या प्रश्नाला उत्तर नसते. तो प्रश्न आपल्या घरातील कोणत्याही लेकरावर विचारण्याची पाळी येऊ नये, एवढीच विनंती करतो आणि आपली रजा घेतो.