पेशींचा सांधा

चुन्यानें विटा सांधाव्या, तशा जठराच्या निरोगी अस्तरांतील पेशी ई-कॅडहेरिन नांवाच्या प्रथिनानें परस्परांस सांधलेल्या असतात. कर्करोगाच्या कित्येक गाठींत हें प्रथिन ओसरतें. उलट व्हायमेंटिन हें पेशीच्या हालचालीस साहाय्य करणारें तंतुमय प्रथिन वाढतें. बंध सुटलेली पेशी मग रक्तावाटे दूरच्या अवयवांत जाऊन रुजूं शकते.

न्यूझीलंडांतील एका मोठ्या माओरी कुळांत पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसें जठराच्या कर्करोगानें दगावत. त्याचें मूळ ई-कॅडहेरिनच्या जनुकांतील दोषांत आहे, असें १९९८ सालीं सिद्ध झालें. आतां रक्ततपासणीनें तो दोष आधींच कळतो, आणि तो असलेलीं कित्येक माणसें रोग बळावण्यापूर्वींच जठर काढवून घेतात. जठरावांचून जगतां येतें. सांधा निखळलेल्या पेशी मात्र एकदां पसरल्या, कीं त्यांस आवरणें कठीण.