रेषेमागचा वेळ



ऑफिस, साइट आणि वर्ग या तिन्ही ठिकाणी वावरणाऱ्या माणसाला आपण या संमेलनाचं अध्यक्षपद दिलंत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. तीन कामं एकाच वेळी कशी जमतात, असं मला नेहमी विचारलं जातं. मला ती तीन वाटतच नाहीत. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे क्रम. आधी काय, नंतर काय आणि मध्ये किती दिवस थांबायचं. आपल्या वास्तुशिक्षणात नेमकी हीच गोष्ट कोपऱ्यात पडली आहे.

समजा, दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीनं हॉल ऐसपैस व्हावा म्हणून कॉलम सरकवला. ४.४ मीटरचा गाळा ४.८ मीटर झाला. शीटवर हा बदल डोळ्यांत भरणारही नाही. पण काँक्रीटची भारतीय मानकसंहिता आयएस ४५६ सांगते की साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान ७ दिवस ठेवा, त्यापुढच्या गाळ्याचे १४ दिवस. चाळीस सेंटिमीटरनी एक आठवडा वाढवला! सेंटरिंगवाल्याचं सामान अडकतं, खालच्या मजल्यावर वीटकाम सुरू होत नाही आणि गवंड्यांची टोळी दुसरी साइट धरते. कॉलम सरकवूच नये असं मी म्हणत नाही. मोठा हॉल हवाच असेल, तर तो जरूर करावा. मात्र त्यासाठी साइटकडे आठवडाभर मागतो आहोत, हे त्या मुलीला रेघ ओढतानाच ठाऊक असावं.

न्हाणीघराचंही तेच. बुडवलेला स्लॅब, त्यात नळकाम, मग वॉटरप्रूफिंग, मग पाणी भरून खालच्या छताला ओल येते का ते पाहायचं, आणि त्यानंतरच भराव आणि लाद्या. ताबा देण्याची तारीख जवळ आली की पहिली काट बसते ती पाणी साठवून ठेवण्याच्या दिवसांना. लोक राहायला येतात आणि खालच्या घरात रंगाचे पोपडे सुटू लागतात. रेरा कायद्यानं ताब्यानंतर ५ वर्षं अशा दोषांची दुरुस्ती विकासकावर टाकली आहे, हे योग्यच झालं. पण ते दिवस कापण्याचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथे आर्किटेक्टनं हजर असलं पाहिजे, आणि नुसतं हजर राहून भागत नाही, बोललं पाहिजे.

वेळेचं आणि क्रमाचं हे भान ठेवण्याच्या बाबतीत मला वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी फार जवळचे वाटतात. जन्म १९२७चा, पुण्याचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे.मध्ये. पॅरिसला ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम करून ते परतले, तेव्हा अहमदाबादेत कॉर्ब्युझिए यांच्याच इमारतींच्या बांधकामावर देखरेख करणं हे त्यांचं काम होतं. दुसऱ्याच्या रेषा साइटवर उतरवता उतरवता त्यांनी स्वतःचं कार्यालय उभारलं आणि १९६२मध्ये वास्तुकलेची शाळा सुरू केली. इंदूरच्या अरण्य वसाहतीत तर त्यांनी वेळच आराखड्यात घातला. गरीब कुटुंबाला तयार घर देण्याऐवजी जोतं आणि पाणी-संडासाची सोय असलेला गाभा दिला. हाती पैसा येईल तसं पुढचं घर त्या कुटुंबानं वाढवायचं. साइट आणि वर्ग यांच्यात आयुष्यभर येरझारा घातलेल्या माणसालाच असं सुचू शकतं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून महाविद्यालयांना माझी विनंती आहे. स्टुडिओच्या प्रत्येक प्रकल्पाबरोबर बांधकामाच्या क्रमाचं एक शीट मागा आणि त्याला गुण द्या. ज्युरीत एखादा अनुभवी साइट इंजिनिअर किंवा मुकादम बसवा. त्याचे प्रश्न आपल्याहून टोकदार असतात. साइटवर जाणाऱ्या शिक्षकाकडे तास बुडवणारा म्हणून पाहणं थांबवा. आणि विद्यार्थ्यांना अर्ध्या दिवसाची सहल घडवण्यापेक्षा एका स्लॅबचं पूर्ण चक्र दाखवा, सळई बांधण्यापासून टेकू निघेपर्यंत.

इथे एक अडचण मुली मला सांगतात, आणि ती ऐकताना मला संताप येतो. साइटवर संडास नसतो. त्या दिवसभर पाणी पीत नाहीत. तिथे रोज घमेली वाहणाऱ्या बायकांचे हाल तर विचारूच नका. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानंच शौचालयं सक्तीची केली होती. ५०हून अधिक महिला कामगार असतील तिथे पाळणाघरही सक्तीचं केलं होतं. तरी हे कंत्राटदाराकडे ढकलून आपण मोकळे होतो. साइटची मांडणी आपण काढतो, कामाचा क्रम आपण ठरवतो, आणि पहिल्या बिलावर सहीसुद्धा आपलीच असते. उद्याच्या खुल्या सत्रात मी ठराव मांडणार आहे की आपल्या कोणत्याही कामावर खोदाईच्या आधी शौचालय उभं राहील, आणि ते पाहिल्याशिवाय आपण पहिल्या बिलावर सही करणार नाही. त्याला अनुमोदन द्यायला आपण सगळ्यांनी सकाळी वेळेवर यावं, ही विनंती.