विणकराची स्फूर्ति कोठून येते?

(वर्धा येथें विणकर बंधुभगिनींच्या सभेंत झालेलें भाषण)



आज मला विषय दिला आहे ‘विणकराचें जीवन व त्याची स्फूर्ति’. विषयाचें नांव ऐकून आमच्या ओळखीचे एक सुशिक्षित गृहस्थ हंसले. म्हणाले, “स्फूर्ति कवीला येते. विणकराला येते ती पाठदुखी!” पाठदुखीचें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. पण स्फूर्तीचा मक्ता एकट्या कवीला कोणीं लिहून दिला, तेवढें आज मला आपल्यापुढें तपासून पाहावयाचें आहे.

आपल्या देशांत एक जुनी वांटणी चालत आली आहे. लेखणी धरील त्याला बुद्धि, धोटा धरील त्याला नुसते हात. पोथी लिहिणाराचें नांव पोथीच्या शेवटीं येतें. लुगडें विणणाराचें नांव लुगड्याच्या कोणत्या पदरावर आलें आहे? घरोघरच्या पेट्यांतून आजीचीं जुनीं लुगडीं आहेत. तीं कोणत्या दुकानांतून आणलीं हें घरांत सांगतात. तीं कोणाच्या हातचीं, हें कोणालाही सांगतां येत नाहीं. ज्याचें नांव राहिलें नाहीं त्याला डोकेंही नव्हतें, असें मग लोक धरून चालतात.

प्रथम विणकराचा दिवस पाहूं, कारण शहाण्या लोकांनीं तो पाहिलेला नसतो. पांजणीचें काम ऊन चढण्यापूर्वीं उरकावें लागतें. भल्या पहांटे ताणा मोकळ्या जागेंत ताणावयाचा, त्याला खळ लावावयाची, कुंचा फिरवावयाचा, आणि धागा धाग्याला चिकटण्यापूर्वीं तो मोकळा करावयाचा. पाऊस आला कीं पांजण बंद, पांजण बंद कीं माग बंद, आणि माग बंद कीं चूल बंद. घरांतली बाई कांड्या भरते, म्हातारी तुटलेले धागे सांधते, पोर हातांतलें काम टाकून सूत आणावयास धांवतें. फणींतून एकेक धागा ओवण्यासाठीं दोन माणसें समोरासमोर तासन् तास बसतात. एवढें सारें झाल्यावर विणकर खड्ड्यांत पाय सोडून मागावर बसतो. मग पावडी दाबा, धोटा फेंका, फणी ठोका. दिवस मावळेपर्यंत तेंच.

आणि मजुरी कशाची? विणून झालेल्या कापडाची! पांजणीची पहांट, ओवणीचे तास, बाईनें भरलेल्या कांड्या, हें सारें व्यापाऱ्याच्या वहींत फुकट. सरकारनें २०१९-२० सालीं हातमागाची चौथी शिरगणति केली. तींत सगळ्या देशांत हातमागावर पोट भरणारीं सुमारें ३५ लाख माणसें आढळलीं. त्यांत दर दहांमध्यें सात बाया आहेत. आणि विणकरांच्या दर तीन घरांपैकीं सुमारें दोन घरांची महिन्याची मिळकत ५००० रुपयांच्या आंत आहे. ही बाई सकाळीं चूल पेटवून मागावर बसते, तरी जग तिला “विणकराची बायको” म्हणतें. विणकर म्हणावयास जड जातें!

अशा दिवसांतून नवी नक्षी सुचणार कधीं? आणि तरीही ती सुचत आली आहे. ती कशी सुचते तें एका उदाहरणानें सांगतों.

आपल्या विदर्भांतल्या कोशाच्या लुगड्याचा करवतकांठ सर्वांच्या ओळखीचा आहे. कांठ एका रंगाचा व अंग दुसऱ्या रंगाचें ठेवावयाचें असलें, तर आडवा धागा एकच असून भागत नाहीं. म्हणून तीन धोटे लागतात, दोन कांठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक. पण तिन्ही धोटे आपापल्या हद्दींत फिरून परत येऊं लागले तर कांठ व अंग यांच्यामध्यें फट पडेल. ती पडूं नये म्हणून अंगाचा धागा कांठाच्या धाग्यांत अडकवावा लागतो. हा सांधा पायरीपायरीनें पुढें सरकवीत नेला आणि तसाच मागें आणला कीं कांठाला करवतीचे दात फुटतात. म्हणजे ज्या जागीं कापड उसवण्याचें भय, त्याच जागीं विणकरानें शोभा उभी केली. अडचण आली, हातानें ती चांचपली, डोक्यानें धागे मोजले आणि नक्षी झाली. ह्याला स्फूर्ति म्हणावयाचें नसेल तर मग कशाला म्हणावयाचें?

आपल्या लुगड्यांच्या कांठांचीं नांवें पाहा: करवत, रुईफूल, गोम, चटई. करवत सुताराच्या घरची, रुई गांवाच्या उकिरड्याकडेची, चटई अंगणांतली. आणि गोमीकडे पाहून तिच्या पायांचा कांठ करावा, असें कोणाला वाटलें असेल? खड्ड्याच्या मागावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून फार उंच नसते. भिंतीकडेनें चाललेली गोम त्याला जितकी नीट दिसते, तितकी पालखींत बसणाराला कशी दिसावी? माझी अशी समजूत आहे कीं, आमच्या विणकरानें जेथें त्याला बसविलें होतें तेथूनच पाहिलें, आणि जें दिसलें तें मोजून धाग्यांत आणलें.

मोजून हा शब्द मी मुद्दाम वापरतों. लुगड्याची लांबी नऊ वार. पहिल्या हाताला जो दात पडला तोच शेवटच्या हाताला पडला पाहिजे, आणि डाव्या कांठाला जें झालें तें उजव्यालाही झालें पाहिजे. हा सारा हिशेब शाळेंत न गेलेला माणूस तोंडानें पुटपुटत करतो. फ्रान्स देशांत लियों शहरीं जाकार नांवाचा एक विणकराचा मुलगा होता. त्यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं हाच हिशेब पुठ्ठ्यांना भोंकें पाडून मागाच्या स्वाधीन केला. जेथें भोंक तेथें ताण्याचा धागा उचलावयाचा, जेथें भोंक नाहीं तेथें तो खालीं राहावयाचा. पुढें इंग्लंडांत बॅबेज नांवाच्या गणित्यानें आपल्या गणितयंत्राच्या आराखड्यासाठीं हीच पुठ्ठ्यांची युक्ति उचलली, आणि त्या आराखड्याची गणना आजच्या संगणकाच्या पूर्वजांत होते. तेव्हां संगणकापुढें बसणाऱ्या आपल्या मुलांना सांगा कीं, हें शास्त्र कोणा परक्याच्या घरून आलेलें नाहीं. त्याची एक वाट विणकराच्या मागावरून गेली आहे.

मग ज्याच्या डोक्यांत हा हिशेब होता, तो रस्त्यावर कां आला? त्याचें उत्तर आपल्या ह्याच मुलखांत सांपडतें. हिंगणघाटच्या कापसाचें नांव विलायतेच्या बाजारांत गाजत होतें. १८६७ सालीं आगगाडी वर्ध्यावरून नागपूरपर्यंत पोंचली. त्या काळीं रिव्हेट-कार्नाक नांवाचे साहेब मध्यप्रांत-वऱ्हाडचे कापूस-कमिशनर होते. त्यांनीं आपल्या सरकारी अहवालांत अशी आशा दाखविली कीं, आगगाडीच्या फांट्यानें विलायती कापड येऊन तें देशी कापडापेक्षां स्वस्त विकेल. मग येथें कातला जाणारा कापूस बाहेर धाडावयास मिळेल, आणि कातण्या-विणण्यांत गुंतलेलीं माणसें शेतांतल्या मजुरीला मोकळीं होतील! बंधूंनो, “मोकळीं होतील” ह्याचा अर्थ नीट ध्यानांत घ्या. ज्याच्या हातांत धोटा होता त्याच्या हातांत दुसऱ्याच्या शेताचें खुरपें आलें. जोतीराव फुले ह्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांतही परदेशी मालानें येथील साळी व इतर कसबी लोक उपाशी मरूं लागल्याची हकीकत आहे. शेतकऱ्याचें दुःख लिहितांना ते विणकराला विसरले नाहींत, कारण दोघांच्याही घरचा कापूस एकाच वाटेनें जात होता.

येथें आपल्या घरांतलीही एक गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या भागांत बारीक सुताचें, रेशीमकांठी कापड कोष्टी विणीत, आणि जाडेंभरडें कापड महार बंधु विणीत. सुंदर काय विणावें आणि कोणीं विणावें, हेंही जात ठरवीत होती. मुंबईच्या गिरण्यांत तर ह्याची हद्द झाली. तेथें धोट्याच्या भोंकांतून धागा तोंडानें ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धागा आम्हीं कसा तोंडांत घ्यावा, अशी सवर्ण कामगारांची तक्रार! त्यामुळें ज्या जातीनें पिढ्यान्‌पिढ्या कापड विणलें, तिच्याच लेंकरांना चांगल्या मजुरीच्या विणाई खात्यांत मज्जाव झाला. १९२८ च्या संपाच्या वेळीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. त्या खात्यांत किती माणसांच्या हातचें कसब फुकट गेलें असेल, त्याची मोजदाद कोण करणार?

आतां आपल्या वर्ध्याकडे येऊं. येथील मगन संग्रहालय १९३८ सालच्या डिसेंबरांत महात्मा गांधींच्या हस्तें उघडलें. तें ज्या मगनलाल गांधींच्या नांवानें आहे, त्यांनीं साबरमतीच्या आश्रमांत विणकाम कष्टानें शिकून घेतलें. गांधींनीं आत्मकथेंत सांगितलें आहे कीं, शिकविण्यासाठीं पालनपूरचा एक विणकर मिळाला, पण त्यानें आपलें सबंध कसब दाखविलें नाहीं. मगनलालांनीं चिकाटीनें तें पुरें केलें. त्यांचें नांव संग्रहालयाला लाभलें तें योग्यच झालें. पण त्या पालनपूरच्या माणसाचें नांव आत्मकथेंत नाहीं. त्यानें कसब झांकून कां ठेवलें, हें आम्हीं विणकरांच्या बाजूनें समजून घेतलें पाहिजे. त्याच्यापाशीं जमीन नव्हती, वतन नव्हतें, पदवी नव्हती. हातांतली किल्ली तेवढी त्याची इस्टेट होती. शेंकडों वर्षें पोथ्या झांकून ठेवणारांनीं त्याला कोता म्हणूं नये. मात्र आपल्यापुरतें आपण ओळखूं कीं, झांकलेलें कसब म्हाताऱ्याबरोबर चितेवर जातें, आणि घर रिकामें होतें.

ह्याच वर्ध्याजवळ नालवाडीस १९३५ सालीं विनोबा भावे ह्यांनीं कताईच्या मजुरीवर जगून पाहिलें. त्याच वर्षीं चरखा संघानें कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी देण्याचें धोरण स्वीकारलें. शिकलेला माणूस त्या जागीं बसला तेव्हां मजुरीचें अपुरेंपण मोठ्या सभांतून बोललें जाऊं लागलें. तें मोलाचें काम झालें, ह्यांत शंका नाहीं. पण तीच गोष्ट कातणारी बाई किती पिढ्या सांगत होती! आपलें दुःख दुसऱ्यानें अनुभवून सांगेपर्यंत वाट पाहण्याचे दिवस संपले पाहिजेत.

तेव्हां करावयाचें काय? माझ्या चार सूचना आहेत.

पहिली, नमुन्याची मजुरी. नवी नक्षी मागावर चढवितांना पहिले हात दोन हात कापड उसवावें लागतें, दिवस जातात, सूत वायां जातें. हा खर्च आज विणकर सोसतो आणि नमुना ठरल्यावर नफा दुकानदार खातो. म्हणून कोणी नवा नमुना मागितला तर त्याची मजुरी वेगळी ठरवून घ्या. नव्या कल्पनेला पोट असतें, हें व्यापाऱ्याला कळूं द्या.

दुसरी, वही. प्रत्येक म्हाताऱ्या विणकरापाशीं नातवाला नाहीं तर नातीला बसवा. कोणत्या कांठाला किती धागे, कोणती पावडी केव्हां, रंग कोणत्या क्रमानें, हें चौकटीच्या कागदावर उतरवून घ्या. ती वही विणकरांच्या स्वतःच्या सहकारी संस्थेंत ठेवा. अशानें कसब झांकलेलेंही राहणार नाहीं आणि फुकट लुटलेंही जाणार नाहीं.

तिसरी, नांव. विदर्भाच्या करवतकांठी कापडाला भौगोलिक मानांकन मिळालें आहे. १९९९ च्या कायद्यानें आलेली ही सोय मालाच्या नांवाचें रक्षण करते. पण त्याचा अधिकृत वापर करावयाचा तर विणकरानें आपलें नांव नोंदवावें लागतें. नोंद न करणाराला त्या मानांकनाचा उपयोग काय? नोंद करतांना घरांतल्या बाईचेंही नांव घाला. आणि कापडाच्या टोंकाला विणणाराच्या नांवाची चिठ्ठी लावा.

चौथी, सुटीचा दिवस. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या खटपटीनें १८९० सालीं मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. घरच्या मागावर बसणाराला ती अजून नाहीं, कारण त्याचा मालक त्याच्याच पोटांत बसलेला आहे. तरी जेथें सहकारी संस्था आहे तेथें आठवड्यांतून एक अर्धा दिवस मजुरीसह ठेवा, आणि त्या वेळांत विणकरानें मनाला येईल तें विणावें. उपाशी माणसाला सुचत नाहीं असें मी म्हणत नाहीं, तें करवतीच्या दातांनीं खोटें पाडलें आहे. पण सुचलेलें विणून पाहावयास वेळ लागतो आणि सूत लागतें.

आज वर्धा जिल्ह्यांत पूर्वीसारखे घरोघर माग वाजत नाहींत. पुलगावची कापडगिरणीही बंद पडून गेली. विणकराच्या मुलानें दुसरा धंदा धरला तर त्याला दोष देण्याचा हक्क मला नाहीं, आणि कलेच्या नांवाखालीं त्याला खड्ड्यांत बसवून ठेवणाराचा तर मुळींच नाहीं. माझें मागणें एवढेंच कीं, जे अजून मागावर आहेत त्यांच्या डोक्यांतलें गणित त्यांच्या हयातींत कागदावर यावें, आणि त्याखालीं त्यांची सही असावी. पुढच्या सभेला येतांना प्रत्येकानें आपल्या घरच्या एका कांठाचा हिशेब लिहून आणावा. ज्याला लिहितां येत नसेल त्यानें कांठ आणावा, लिहून घ्यावयास मी बसेन.