सातबाऱ्यातला डेटाबेस

मालवणात कुणी 'धामापूरला जायचंय' म्हणाला, तर त्याला पुढचा प्रश्न विचारावा लागत नाही. तलावाचं धामापूर, भगवतीचं धामापूर, काळशाच्या शेजारचं. तोच माणूस रत्नागिरीच्या स्टँडवर हे वाक्य बोलला, तर मात्र 'कुठलं धामापूर?' असं विचारणं आलं. कारण संगमेश्वर तालुक्यातही धामापूर आहे. सरकारी कागदात त्याच्या नावापुढे 'तर्फ संगमेश्वर' असं लिहितात. माणसं असा घोळ बोलता बोलता निस्तरतात. यंत्राला ते जमत नाही. म्हणून २०२० नंतरच्या नव्या नमुन्यातल्या सातबाऱ्यावर गावाच्या नावाशेजारी सहा आकडी संकेतांक छापलेला दिसतो. नावं कितीही सारखी असोत, तो अंक देशात दुसऱ्या गावाचा नसतो. डेटाबेसच्या कामात अशा खुणेला 'प्रायमरी की' म्हणतात.

आज अशाच काही शब्दांविषयी बोलायचं आहे. प्रायमरी की, फॉरेन की, नॉर्मलायझेशन, नल, ट्रान्झॅक्शन. घरातला मुलगा किंवा सून हिंजवडीत नाहीतर ऐरोलीत नोकरीला असेल, तर हे शब्द तुमच्या कानांवर पडले असतील. ते फक्त त्यांच्यासाठी आहेत असं मात्र समजू नका. ज्या घरात सातबाऱ्याचा उतारा आहे, त्या घरात हे सगळे शब्द एका कागदावर हजर आहेत.

ही पद्धत आली कुठून, ते आधी थोडक्यात सांगतो. एडगर कॉड हे मूळचे इंग्लंडचे गणिती, अमेरिकेत आयबीएम कंपनीत संशोधक. १९७० साली त्यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्या वेळी संगणकातली माहिती काढायची तर ती आत कुठे, कशाला जोडून ठेवली आहे, ती वाट माहीत असावी लागे. कॉड म्हणाले, माहिती साध्या तक्त्यांमध्ये ठेवा, आडव्या ओळी आणि उभे रकाने. एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध आतल्या वाटांनी दाखवू नका, तक्त्यात लिहिलेल्या मूल्यांनीच दाखवा. मग विचारणाऱ्याने फक्त काय हवं ते सांगावं. कसं शोधायचं ते यंत्र बघून घेईल. त्यातून १९७४ च्या सुमारास आयबीएममध्येच चेंबरलिन आणि बॉइस यांनी प्रश्न विचारायची भाषा तयार केली. तीच आजची एसक्यूएल. कॉड यांना १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आता आपल्या कागदाकडे येऊ. महसूल खात्यात गावाचे हिशेब एक ते एकवीस क्रमांकांच्या गाव नमुन्यांत ठेवतात. त्यातला सात नंबरचा नमुना म्हणजे अधिकार अभिलेख, जमीन कुणाची ते सांगणारा. बारा नंबरचा पिकांचा. हे दोन वेगळे तक्ते आहेत. आपल्याला एका कागदावर वर सात आणि खाली बारा असं मिळतं, ते दोन्हींतला सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर एकच असल्यामुळे. डेटाबेसमध्ये दोन तक्ते समान खुणेवरून असे जोडतात, त्याला 'जॉइन' म्हणतात. आपण बोलताना 'सातबारा' म्हणतो, तेव्हा जॉइनच सांगत असतो.

घाटावर बऱ्याच गावांत एकत्रीकरण होऊन गट नंबर आले. आपल्याकडे अजून सर्व्हे नंबर आणि त्याचा हिस्सा. नुसता सर्व्हे नंबर सांगून भागत नाही, कारण त्यात हिस्से पाच असतील, पंधरा असतील. नुसता हिस्सा सांगून तर मुळीच नाही. गाव, सर्व्हे आणि हिस्सा हे तिन्ही मिळून एक जमीन ठरते. एकाहून अधिक रकान्यांची अशी खूण म्हणजे 'कॉम्पोझिट की'.

नमुना सातवर नावांजवळ खाते क्रमांक असतो. त्याच क्रमांकाने नमुना आठ-अ निघतो. एका खात्यावर त्या गावात एकूण कुठली कुठली जमीन आहे, ते आठ-अ सांगतो. म्हणजे सातमधला खाते क्रमांक दुसऱ्या तक्त्याकडे बोट दाखवतो. हीच 'फॉरेन की'. तिचा नियम कडक आहे: ज्याच्याकडे बोट दाखवलंय, ते तिथे असलंच पाहिजे. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक लिहिलेला आहे आणि नमुना सहाच्या फेरफार नोंदवहीत तो फेरफारच सापडत नाही, असं चालत नाही.

हाताने लिहायच्या काळात हे सगळं तलाठी सांभाळत. अलीकडे त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं, तोंडात अजून तलाठीच. सात वेगळा लिहायचा, आठ-अ वेगळा लिहायचा. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली की कधीतरी एक बदलते आणि दुसरी तशीच राहते. कॉड यांनी यावर उपाय सांगितला, त्याचं नाव 'नॉर्मलायझेशन': एक गोष्ट एकाच जागी लिहा, बाकी सगळीकडून तिचा फक्त क्रमांक द्या.

कोकणात हे किती गरजेचं आहे, ते वेगळं सांगायला नको. एका सातबाऱ्यावर आजोबांपासूनच्या सामाईक वारसांची डझनावारी नावं. समजा, एक माणूस एका हिश्शाला 'रामा विठू', दुसऱ्याला 'रामचंद्र विठ्ठल', तिसऱ्याला 'रामचंद्र विठोबा' असा नोंदला गेला. गावाला ठाऊक आहे की हा एकच. यंत्राला ती तीन माणसं दिसतात आणि ते त्यांची तीन खाती करतं. पुढे वारस लावायची वेळ आली की एकाच मयताच्या तीन ठिकाणच्या नोंदी पुऱ्या कराव्या लागतात, आणि एखादी राहूनच जाते. यंत्राने इथे चूक केलेली नसते. जुनी चूक फक्त उजेडात आणलेली असते.

अशा चुका पकडायला नियम घालावे लागतात. त्यांना 'कन्स्ट्रेंट' म्हणतात. सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या नावांपुढच्या क्षेत्रांची बेरीज जुळलीच पाहिजे, हा एक. सातबाऱ्यावरचं क्षेत्र आकारबंदाशी, म्हणजे नमुना एकशी, जुळलं पाहिजे, हा दुसरा. कागदावर हे नियम होतेच, पण ते मोडले तर कागद ओरडत नव्हता. संगणकीकरणात हस्तलिखित आणि संगणकातला सातबारा ताडून पाहताना विसंगतींचे अहवाल निघू लागले. महसूल खात्यातली माणसं त्यांना ओडीसी अहवाल म्हणतात. २०१७ साली राज्यात चावडी वाचनाची मोहीमही झाली. सातबारे गावासमोर मोठ्याने वाचायचे, चूक असेल तर लोकांनी सांगायची. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बेरीज जुळते की नाही, ते यंत्राला कळतं. बेरीज जुळूनही नाव भलत्याचंच आहे, हे फक्त गावाला कळतं.

आता एक शब्द जरा फसवा आहे: 'नल'. रकाना रिकामा. रिकामा म्हणजे शून्य नव्हे. शून्य ही माहिती आहे. नल म्हणजे माहितीच नाही. बाराच्या नमुन्यात एका हिश्शात काजू लिहिलाय, दुसऱ्यात भात, तिसऱ्याची पीक पाहणी झालीच नाही म्हणून रकाना कोरा. एसक्यूएलमध्ये विचारलं, 'पीक काजू आहे असे हिस्से दाखव', तर पहिला येईल. आता उलट विचारा, 'पीक काजू नाही असे दाखव'. आपल्याला वाटेल, बाकीचे दोन्ही येतील. येतो एकच, भाताचा. कोऱ्या रकान्याच्या बाबतीत यंत्राचं उत्तर 'हो' नसतं आणि 'नाही'ही नसतं. ते असतं 'माहीत नाही'. आणि 'माहीत नाही' वाले कुठल्याच यादीत येत नाहीत. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून पीक नोंदवायचं. ती केली नाही तर आपला हिस्सा या तिसऱ्या वर्गात जाऊन पडतो. यादी काढणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. पण त्या यादीत आपण नसतो.

पुढचा शब्द 'ट्रान्झॅक्शन'. धामापूरच्या तलावाची दंतकथा तुम्हाला ठाऊक असेल. हा तलाव १५३० सालचा, नागेश देसाई यांच्या नावाने सांगितला जातो. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मानही मिळाला. कथा अशी, की लग्नकार्याला दागिने हवे असतील तर फुलांचे दागिने परडीत ठेवून तलावात सोडायचे. सोन्याचे दागिने वर यायचे. कार्य झालं की परत करायचे. कुणीतरी ते परत केले नाहीत आणि तळ्याने देणं थांबवलं. व्यवहाराची एक बाजू पुरी झाली, दुसरी राहिली. डेटाबेसमध्ये असं अर्ध्यावर थांबता येत नाही. विकणाऱ्याचं क्षेत्र कमी होणं आणि घेणाऱ्याचं वाढणं, ही दोन्ही कामं एकत्र झाली तर 'कमिट'. मध्येच वीज गेली, काही बिघडलं, तर दोन्ही मागे घ्यायची, तो 'रोलबॅक'. अर्ध्या खरेदीचा सातबारा निघूच नये, हा त्यातला हेतू.

फेरफाराची रीत याहून संथ आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदलं जातं. मग फेरफार धरला जातो, नमुना नऊची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. संगणकातला कमिट निमिषात होतो, तो या शेवटच्या पायरीवर. त्याआधीचे पंधरा दिवस संगणकासाठी नाहीत, तुमच्यासाठी आहेत. मुंबईत राहून ती नोटीस 'आपली चावडी' या संकेतस्थळावर पाहता येते.

आणि जुनं नाव? ते खोडून पुसत नाहीत. 'नावाला कंस झाला' असं आपण म्हणतो. हक्क संपला, पण नाव दिसत राहतं आणि कुठल्या फेरफाराने संपला तेही कळतं. चांगल्या डेटाबेसमध्येही महत्त्वाची नोंद अशीच जपतात. कोणी, केव्हा, काय बदललं याची सलग वही ठेवतात. म्हणूनच डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाचं, डीबीएचं, निम्मं काम परवानग्यांचं असतं: कोणी नोंद करायची, कोणी ती मंजूर करायची, कोणी नुसती पाहायची. नोंद धरणारा आणि प्रमाणित करणारा हे दोघे वेगळे ठेवण्याची रीत महसूल खात्यात संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. उरलेलं निम्मं काम बॅकअपचं. नुसती प्रत ठेवून भागत नाही. तिच्यावरून माहिती पुन्हा उभी करता येते का, ते अधूनमधून करून पाहावं लागतं.

मग आपण काय करायचं? १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. चतुर्थीला घरी जमाल, तेव्हा तो काढा आणि चार गोष्टी पाहा. तुमचं नाव सगळ्या हिश्श्यांवर एकाच तऱ्हेने लिहिलंय का? आठ-अवरची जमीन आणि प्रत्यक्षातले सातबारे जुळतात का? क्षेत्रांची बेरीज बरोबर आहे का? बाराचा रकाना कोरा तर नाही ना? लिहिण्यातली चूक असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. घरातलं कुणी गेलं असेल, तर कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांत वर्दी द्यायची असते.

हे टाळू नका. कलम १५७ सांगतं की अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी धरली जाईल. म्हणजे यंत्र जे दाखवेल ते खरं, आणि ते खोटं असेल तर तसं सिद्ध करायचं काम तुमचं. कोर्टात वर्षानुवर्षं ते करण्यापेक्षा ओटीवर बसून तासाभरात उतारे ताडून पाहिलेले बरे.